उरलेली एकतीस

आमचा नातू जन्मला तेव्हा दोन किलो सातशे ग्रॅम भरला. हे मी कुणाला सांगायला नको होतं.

आमच्या भागात लेकराचं वजन सांगत नाहीत. सोयाबीन जोकावं, तूर जोकावी, वाटणीत भांडण लागलं तर सोनं जोकावं. लेकरू जोकू नये, दृष्ट लागते, ही आमच्या मायची शिस्त. माय म्हणजे माझी आई. वय ब्याऐंशी, गळ्यात तुळशीची माळ आणि हातात एकशे आठ मण्यांची जपाची दुसरी. पण लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दवाखान्यात काट्यावर ठेवल्याशिवाय लेकरू हातात देत नाहीत, आणि मी बत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस. आकडा कळला की तो फळ्यावर लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. फळा आता राहिला नाही. निलंगा राईसचा गाडा मात्र होता.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, इतरत्र लोक सकाळी पोहे खातात, चिमूटभर साखर घालून. निलंग्यात माणूस सकाळी सातला तिखटजाळ, तेलानं चमकणारा भात खातो, डोळे पुसतो आणि मग कामाला लागतो. अशा लोकांसमोर कुठलाही आकडा सपकच लागायचा.

"दोन सातशे," मी म्हणालो.

"ओल धरून का वजा करून?" अडतीवर बसणाऱ्या एकानं घास न थांबवता विचारलं.

दुसऱ्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "होतंय सर मोठं. काळजी करू नका." या दिलाशानं मी जितका खचलो तितका आकड्यानं खचलो नव्हतो. घरी आलो आणि दुखावलेला मास्तर जे करतो ते केलं. पुस्तकं काढली, कात्रणं काढली, चष्मा पुसला.

आणि सापडलं. १९९३ साली, म्हणजे आमच्या पंचांगाप्रमाणे भूकंपाच्या साली, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळची सहा गावं धरली. (निलंग्यात काळाचे दोनच भाग असतात. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हलली त्याच्या आधीचा आणि नंतरचा. लग्नं, जन्म, सोयरिकी, सगळं त्यावरून मोजतात.) आमच्याकडे लेकरं पत्र्याच्या शेडमध्ये जन्मत होती तेव्हा तिकडे हे लोक पोटुशा बायांना विचारत होते, बाई, तू काय खाल्लंस? दूध किती? पालेभाजी किती दिवसांनी? मग बाळ जन्मलं की धावत जाऊन ते जोकायचं, लांबी घ्यायची, दंड मोजायचा आणि चिमट्यासारख्या यंत्रानं पाठीवरची कातडी धरून तिच्याखाली चरबी किती ते बघायचं. तेच इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिलं. तिकडची बाळं सरासरी साडेतीन किलोची. आणि आपली? २.७!

म्हणजे आमचा नातू बरोबर सरासरीवर आलेला होता. शाळेत असताना सरासरी मार्क पडल्याचा मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

पण खरी गंमत पुढं होती. आपली बाळं वजनानं कमी, दंड बारीक, पोट बारीक. पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच. उणं पडलं होतं ते मांस. शास्त्रज्ञांनी याला 'बारीक पण लठ्ठ बाळ' म्हटलं. असं बाळ मोठं होऊन शहरी खाण्यापिण्याला लागलं की मधुमेहाच्या वाटेवर दोन पावलं आधीच गेलेलं असतं, असा त्यांचा धागा. मी हे मायला सोपं करून सांगायला बसलो. "माय, याच्या अंगावर बाळसं आहे, पण बाळ कमी आहे."

मायनं माझ्याकडं बघितलं, नातवाकडं बघितलं, आणि काजळाची आणखी एक तीट त्याच्या गालावर लावली. थोड्या वेळानं एक माझ्याही कानामागं लावली.

दुसऱ्या दिवशी गाड्यावर मी तयारीनिशी गेलो. याज्ञिकांचीच आणखी एक गोष्ट माझ्याजवळ होती, ती हुकमी वाटत होती. त्यांनी आणि जॉन युडकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी शेजारी उभं राहून फोटो काढला. उंचीच्या मानानं वजन धरायचा जो आकडा असतो तो दोघांचाही २२.३. दोघंही अंगानं सारखेच दिसतात. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. २००४ साली 'लॅन्सेट'सारख्या बड्या नियतकालिकात हा फोटो छापून आला, आणि एक गडी मॅरेथॉन धावतो, दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं, असं त्यांनी स्वतःच त्यात मिस्कीलपणे नोंदवलं. स्वतःच्या पोटावरची चरबी जगापुढं मांडणारा शास्त्रज्ञ मला फार आवडला. आमच्याकडं माणूस फोटो काढताना श्वास आत ओढून धरतो.

गाड्यावर हे ऐकून मोठा आनंद झाला. काडी पैलवान म्हणून आयुष्यभर हिणवला गेलेला एकजण ताठ बसला. "म्हंजे म्या दिसायला बारीक, पर आतून खात्यापित्या घरचा." ज्याला उठताना दोघांचा हात लागतो असा दुसरा म्हणाला, "आन जे बारीक दिसतेत त्येच खरे जाड! म्या कवाचा सांगायलाव." हा निष्कर्ष पुण्याच्या कुठल्याही तक्त्यात नाही, याची मी ग्वाही देतो.

सहा गावांच्या त्या अभ्यासात असंही निघालं होतं की दर तीन आयांपैकी दोघींच्या रक्तात बी-बारा जीवनसत्त्व कमी. "कशात आस्तंय ते?" एकानं विचारलं. मी म्हणालो, "दूध, दही, अंडी, मटण, मासे." मी पाच शब्द उच्चारले होते, ऐकणाऱ्यानं चौथा उचलला. पोळा झाला तसा पहिल्याच रविवारी गृहस्थानं सुनेला दिवस गेलेत म्हणून, शास्त्राचा हवाला देऊन, एक किलो आणलं. फोडी बापलेकांनी संपवल्या, सुनेला रस्सा मिळाला. तिच्या वाट्याचं दूध रोजच्यासारखं डेअरीत गेलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की संशोधन पोचत नाही असं जे म्हणतात ते खोटं आहे. ते पोचतं. फक्त वाटेत ज्याला जो तुकडा भावतो तो तो काढून घेतो आणि उरलेलं शेजाऱ्याच्या दारात ठेवतो.

याचा लख्ख पुरावा मला सप्टेंबरात मिळाला. सप्टेंबर हा सरकारी पोषण महिना. जवळच्या एका गावात कार्यक्रम होता आणि मला 'बालआरोग्यातील नवे संशोधन' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. अंगणवाडीच्या ताईंनी मेहनत घेतली होती. लेकरं भाज्या झाली होती. एक गाजर, एक वांगं, दोन टोमॅटो आणि पुठ्ठ्याची लांबलचक शेंग अंगाला बांधलेला एक शेवगा. शेवग्याला बसता येत नव्हतं. तो उभ्या उभ्या रडत होता आणि त्याची माय त्याला गप करायला पाच रुपयांची चिप्सची पुडी फोडून देत होती. पुढं सत्कार सुरू झाले. मंचावर अकरा जण, प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. दोन शब्द म्हणून उठलेला माणूस आमच्याकडं वीस मिनिटांच्या आत बसत नाही. माझी पाळी आली तेव्हा गाजर झोपलं होतं.

मी आकडा काढला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांत रक्त कमी असलेली निघाली ६८.९ टक्के. "म्हणजे शंभरातली एकोणसत्तर," मी सावकाश म्हणालो. सभा हळहळली. बायांनी पदर तोंडाला लावले. "काय बाई, कसल्या आया म्हणायच्या!" मला वाटलं, जिंकली. मी विचारलं, "आता सांगा, आपल्यापैकी कुणाकुणाचं लेकरू यात असेल?"

एकही हात वर नाही.

समोर साठेक आया होत्या. सगळ्यांची लेकरं उरलेल्या एकतीसात. मी ताईंकडं पाहिलं. ताईंच्या रजिस्टरात कुणाचं काय आहे ते त्यांना पाठ होतं. त्यांनी नजर छताच्या पंख्याकडं लावली. गावात राहायचं असतं त्यांना.

"चहा किती लेकरं पितात?" मी वाट बदलली. हे मात्र सगळ्यांनी अभिमानानं सांगितलं. बशीत ओतून, टोस्ट बुडवून, सकाळ-संध्याकाळ. चहानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही असं मी म्हणालो, तेवढ्यात मंचावर पाहुण्यांचा चहा आला. मी तोही प्यालो. आता काय सांगायचं!

एक बाई मात्र शेवटी उठल्या. साउदॅम्प्टनच्या बाळांचं मी मघाशी सांगितलं होतं, ते त्यांना खुपलं होतं. "सर, त्या विलायतच्या लेकरासंगं आमचं लेकरू कशाला मापायलात? सोयरीक जुळवायची हाय का त्येंच्यात?" टाळ्या त्यांना पडल्या.

घरी आलो ते जरा फुरंगटूनच. मायनं विचारलं, काय सांगितलंस? म्हटलं, पुण्याच्या सहा गावांत निघालं की पोटुशेपणी जिनं पालेभाजी, फळं, दूध जास्त खाल्लं तिचं बाळ अंगानं चांगलं भरलं.

माय हसायलाच लागली. "हे कळायला सा गावं जोकली? मला इचारलं आस्तं. चुका, शेपू, तांदुळजा, पाथरी, समदं सांगितलं आस्तं, फुकट."

"मग तू खायचीस का? माझ्या वेळी?"

माय थांबली. माळेवरचं बोटही थांबलं. "आदी गडी जेवायचे. मग लेकरं. मग सासूबाई. मग तव्यावरची भाकर आन मिरचीचा खर्डा." थोड्या वेळानं म्हणाली, "भाजी ठावं होती रे. ताटात नव्हती."

पुण्याच्या त्या अभ्यासाला पैसे किती लागले ते मी तिला सांगणार होतो. नाही सांगितलं.

पण मायचं सगळंच पुण्याशी जुळतं असं नाही, नाहीतर हा लेख भावगीत व्हायचा. बाळंतपणानंतरचं पहिलं, पिवळं, घट्ट दूध म्हणजे चीक. तो बाळाला तासाभरात पाजावा, त्यात रोगाशी लढायची ताकद असते, हे आता जगभर पक्कं झालंय. मायचं मत, पहिलं दूध जड, तीन दिवस पिळून टाकावं. आता हीच माय, शेजारची म्हैस व्याली की पहाटे तांब्या घेऊन दारात उभी. वेलदोडा घालून खरवस करते, नावानिशी वाट्या पाठवते, म्हशीचा चीक कसा अंगाला लागतो ते सांगते. मी एकदा म्हणालो, "माय, म्हशीच्या लेकराचा चीक आपण खातो आणि आपल्या लेकराचा चीक मोरीत ओततो." ती म्हणाली, "म्हशीचं येगळं." का वेगळं, हे बत्तीस वर्षं विज्ञान शिकवूनही मला सांगता आलं नाही. लेकीनं मात्र दवाखान्यातच गुपचूप चीक पाजला होता. आजीला ती अजून सांगत नाही.

मुद्दा असा की बाहेरची गोष्ट आमच्या घरात शिरायची तर तिला आमच्या घरातलं नाव लागतं. आता सलाईनचंच बघा. आमच्याकडं बाटली लावल्याशिवाय माणूस आजारी होता असं कुणी धरत नाही. "दवाखान्यात गेलतो, पर नुसत्या गोळ्या देल्या" ही डॉक्टरची निंदा असते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांची छावणी बनगावला होती, कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं पाणी संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून लोकांच्या हाती दिलं. छावणीत शंभरात तीसच्या घरात माणसं जात होती, ती चारच्याही खाली आली. आणि त्या पाण्याला त्यांनी नाव काय द्यावं? तोंडानं घ्यायची सलाईन! माणूस आमच्या निलंग्यात राहून गेला असावा, अशी मला शंका आहे.

याच वाटेवरचे दुसरे दोघे आपले, गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. महाराष्ट्रात सरकारी कागदावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त बाळं मरतात, हे त्यांनी मोजून दाखवलं तेव्हा त्या अहवालाचं नाव ठेवलं 'कोवळी पानगळ'. बालमृत्युदर म्हटलं असतं तर तो कपाटात गेला असता. पानगळ म्हटल्यावर तो घराघरात गेला. त्यांच्या लोकांनी ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळं सांभाळली आणि तिसऱ्या वर्षी त्या वयातले मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. हे १९९९ ला 'लॅन्सेट'मध्ये आलं. आज आमच्या गल्लीतली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी पिशवी घेऊन येते, तिची वाट तिकडून आलेली आहे. तिच्या पिशवीत झोळीचा काटा असतो. माय तिला चहा पाजून वजनाचा विषय टाळायचा प्रयत्न करते. ती चहाही पिते आणि वजनही करते.

पण मला मोह पडला तो त्यांच्या मण्यांचा. शास्त्रज्ञ ज्याला न्यूमोनिया म्हणतात त्याला खेड्यात डबा म्हणतात. लेकराच्या पोटात डबा झाला की पोटावर बिब्ब्याचा चटका देत. न्यूमोनियाची खूण साधी असते, श्वास भरभर चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला साठ किंवा वर, वर्षाच्या आत पन्नास, पाचच्या आत चाळीस. मोजलं की कळलं. पण गावातल्या सुइणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? बंगांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ केलं आणि शेजारी मणी ओवले. दहापर्यंत तर सगळ्यांनाच येतं. दहा श्वास झाले, एक मणी सरकव. वाळू संपायच्या आधी शेवटचा मणी सरकला तर डबा समज आणि औषध सुरू कर. अठ्ठावन्न गावांत त्यांनी ही लढाई केली, आणि तिथं न्यूमोनियानं जाणारी लेकरं निम्म्याहून कमी झाली. १९९० साली तेही छापून आलं.

हे मी मायला सांगितलं तेव्हा ती वाती वळत होती. नेहमीसारखी हसली नाही. फक्त विचारलं, "आपल्या ह्याला किती?"

"दोन महिन्यांचा झाला की पन्नास."

"हं," ती म्हणाली आणि वाती वळत राहिली. मला वाटलं, गेलं वाऱ्यावर. गाड्यावर जसं जातं तसं.

लेकीची सासरी पाठवणी लांबत लांबत डिसेंबरावर आली. त्या आठवड्यात थंडी जबर पडली आणि नातवाला, चार महिन्यांच्या, खोकला झाला. रात्री दीडला तो घुरघुरायला लागला. लेक रडवेली. जावई फोनवर, आत्ताच्या आत्ता गाडी करा, लातूर गाठा. बायकोनं कपाटातून शाली काढल्या. सकाळी दवाखान्यात जायचं ठरलेलंच होतं. आत्ताच निघायचं का, एवढाच प्रश्न होता, आणि तो चौघं चार आवाजांत सोडवत होतो.

"गप बसा समदे," माय म्हणाली. "दिवा करा."

ती पलंगाजवळ बसली. झबलं वर केलं. पोट खालीवर होत होतं. तिनं जपाची माळ काढली, आणि तेव्हा मी पाहिलं. मेरुमण्यापासून मोजत जाऊन एका मण्यापाशी लाल दोऱ्याची गाठ मारलेली होती. जुनी दिसत होती. वाती वळल्या त्याच आठवड्यातली असणार.

"घड्याळ बघ तू. एक मिनिट. मला म्हण, चल."

मी मनगट दिव्याजवळ धरलं. चल म्हणालो. पोट वर आलं की एक मणी, पोट वर आलं की एक मणी, आणि प्रत्येक मण्याला सवयीनं विठ्ठल. फोनवर जावई हॅलो हॅलो करत होते, त्यांना कुणीतरी उताणं ठेवून दिलं. तीस सेकंद. पंचेचाळीस. काटा बाराच्या घरावर गेला तेव्हा मी थांब म्हणालो. तिचं बोट गाठीच्या अलीकडंच होतं. बऱ्यापैकी अलीकडं.

तिनं उरलेले मणी मोजून वजाबाकी केली, मग पुन्हा केली. "एक्केचाळीस," ती म्हणाली. सगळ्यांचे खांदे खाली आले. लेक भिंतीला टेकून मटकन बसली.

माय मात्र अजून माळेकडंच बघत होती. मग माझ्याकडं वळून, आवाज खाली आणून म्हणाली, "मधी एक उसासा टाकला बग त्यानं. त्यो धरायचा का वजा करायचा?"